लोकमान्य आणखी दहा वर्षं जगले असते तर? : बेळगावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१ ऑगस्टच्या आगेमागे बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात लोकमान्यांवर बोलायला मला बोलावतात. शाळेत इतिहास शिकवला, निवृत्त झालो, तरी हा विषय सुटला नाही. व्याख्यान संपल्यावर ‘कुणाला काही विचारायचं आहे का?’ म्हटलं की सगळे गप्प बसतात. खरे प्रश्न नंतर येतात, चपला घालताना नाहीतर हातात चहाचा कप असताना. दरवर्षी तेच असतात, आणि उभ्या उभ्या त्यांची नीट उत्तरं देता येत नाहीत. म्हणून इथे सावकाश लिहितो आहे.

सर, आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. इतिहासात जर-तर करून काय मिळतं?

ही म्हण अशक्य गोष्टीसाठी आहे. चौसष्ट वर्षांच्या माणसानं सत्तरी गाठणं अशक्य नव्हतं. लोकमान्य गेले त्या आठवड्यात देशभर हाच प्रश्न विचारला जात होता, कारण महिनाभरावर कलकत्त्याचं काँग्रेस अधिवेशन होतं आणि टिळक तिथे काय भूमिका घेतील याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. घडलं ते घडणारच होतं असं धरून चाललं, की कुठल्या निर्णयाला किती वजन होतं हेच कळेनासं होतं.

मात्र मी स्वतःवर दोन अटी घालतो. त्या माणसानं स्वतः जे लिहिलं, केलं, त्याच्याच आधारानं पुढचं पाऊल टाकायचं. आणि जितकं पुढे जाऊ तितका आवाज खाली आणायचा. १९२१ बद्दल थोडं ठामपणे बोलता येईल, १९४७ बद्दल जवळजवळ नाहीच.

टिळकच का? नेताजींबद्दल का नाही?

नेताजींबद्दल जरूर विचारावं. १८ ऑगस्ट १९४५ च्या विमान अपघाताची चौकशी शाहनवाझ समिती, खोसला आयोग आणि मुखर्जी आयोग अशी तीनदा झाली, यावरूनच ती हुरहुर किती खोल आहे ते दिसतं. खानापूर तालुक्यातले लोक नंदगडला फाशी गेलेल्या संगोळ्ळी रायण्णाबद्दलही विचारतात. पण बेळगावातून बोलायचं तर टिळकांचा धागा थेट आपल्या गल्ल्यांतून जातो. तो आधी हाती घेऊ.

टिळकांचा बेळगावशी एवढा काय संबंध? टिळकवाडी हे नाव सोडलं तर?

हा प्रश्न बेळगावच्याच मुलांनी विचारला की मला वाईट वाटतं. दोष त्यांचा नाही, कुणी सांगितलंच नाही.

मंडालेची सहा वर्षं भोगून टिळक जून १९१४ मध्ये पुण्याला परत आले. ते तुरुंगात असतानाच, १९१२ मध्ये, सत्यभामाबाई वारल्या होत्या. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस जहाल आणि मवाळ अशी फुटली, तेव्हापासून टिळकांच्या जहाल गटाला काँग्रेसचं दार बंद होतं. १९१५ मध्ये गोखले गेले, फिरोजशहा मेहताही गेले, आणि समेटाची वाट मोकळी झाली. एप्रिल १९१६ च्या अखेरीस मुंबई प्रांतिक परिषद बेळगावात भरली, आणि काँग्रेसमध्ये परत जायचं इथे ठरलं. त्याच दिवसांत, २८ एप्रिलला, टिळकांच्या होमरूल लीगची, म्हणजे स्वराज्य मागणाऱ्या संघटनेची, स्थापनाही इथेच झाली. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस. त्या परिषदेला गांधीही आले होते. तेव्हा आफ्रिकेहून येऊन त्यांना जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं.

१ मे १९१६ ला टिळकांनी बेळगावात स्वराज्यावर भाषण केलं. बादशहा नको असं ते म्हणाले नाहीत. मधली नोकरशाही नको, आमच्या घरचा कारभार आमच्या हातात द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. हे भाषण आणि महिन्याभरानं अहमदनगरला झालेली दोन भाषणं, अशा तीन भाषणांवर सरकारनं खटला केला. साठावा वाढदिवस होता त्याच दिवशी, २३ जुलैला, त्यांच्या हातात नोटीस पडली. वीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे चांगल्या वर्तणुकीची लेखी हमी, आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले गेले. हायकोर्टात टिळकांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जीना, आणि नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द झाला. स्वराज्य मागणं हा राजद्रोह नव्हे हे ज्या खटल्यामुळे पक्कं झालं, त्यातलं पहिलं भाषण बेळगावचं आहे.

किती वर्षं धरायची? ते १९४७ पर्यंत जगले असते तर?

जन्म १८५६ चा. १९४७ मध्ये ते एक्क्याण्णव वर्षांचे असते. मधुमेह जुना, मंडालेनं शरीर खिळखिळं केलेलं, वर इंग्रज पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यापायी विलायतेत वर्षभराहून जास्त मुक्काम. मी फार तर १९३० पर्यंत जातो.

त्यांनी गांधींच्या असहकाराला विरोध केला असता का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘हो’ ऐकायचं असतं, कुणाला ‘नाही’. मला दोन्ही पटत नाहीत.

डिसेंबर १९१९ च्या अमृतसर अधिवेशनात टिळकांची भूमिका स्पष्ट होती. इंग्रज सरकारनं देऊ केलेल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड राजकीय सुधारणा अपुऱ्या आहेत, तरी मिळालं ते घ्यावं, राहिलेल्यासाठी भांडावं, आणि सरकार ज्या मापानं देईल त्याच मापानं आपण सहकार्य करावं. याला त्यांनी ‘प्रतियोगी सहकारिता’ म्हटलं. एप्रिल १९२० मध्ये त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्ष काढला, तो नोव्हेंबरच्या निवडणुका लढवण्याच्या तयारीनं. तेव्हा कौन्सिलवरचा, म्हणजे कायदेमंडळावरचा, बहिष्कार त्यांना रुचणारा नव्हता.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला गांधींशी त्यांचा एक जाहीर वादही झाला. राजकारण हा साधूंचा नव्हे, संसारी माणसांचा खेळ आहे, असं टिळकांनी लिहिलं, आणि बुद्धाच्या ‘अक्रोधानं क्रोध जिंकावा’ या वचनापेक्षा गीतेतलं ‘ये यथा मां प्रपद्यन्ते’ (जो जसा माझ्याकडे येतो तसा मी त्याच्याशी वागतो) हे आपल्याला जवळचं वाटतं असं सांगितलं. गांधींनी उत्तर दिलं : शठं प्रत्यपि सत्यम्, लबाडाशीही सत्यानंच वागावं. इतक्या खोलवरचा मतभेद इतक्या सभ्यपणे मांडलेला मी फार कमी ठिकाणी वाचला आहे.

आता दुसरी बाजू. कार्यक्रम चांगला आहे, पण लोक एवढा त्याग करतील का याची शंका वाटते, मी मात्र आड येणार नाही आणि लोक तुमच्या मागे आले तर माझा पाठिंबाच राहील, असं टिळक आपल्याला म्हणाल्याचं गांधींनी लिहून ठेवलं आहे. मला यावर विश्वास ठेवावासा वाटतो, आणि त्याचं कारण सुरत आहे. फुटीनंतर नऊ वर्षं बाहेर काढलेला माणूस पुन्हा काँग्रेस फोडेल असं मला वाटत नाही. कलकत्त्यात ते कौन्सिल-बहिष्काराविरुद्ध उभे राहिले असते, रात्री मंडपामागे बोलणी झाली असती, आणि ज्यांना कौन्सिलात जायचं त्यांनी जावं, ज्यांना बाहेर राहायचं त्यांनी बाहेर काम करावं, अशी काहीतरी तोड निघाली असती.

प्रत्यक्षात १ ऑगस्ट १९२० ला, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य गेले. असहकार सुरू करण्याची ठरलेली तारीखही तीच होती. गांधींनी तिरडीला खांदा दिला. त्यानंतर टिळकांच्या पक्षानं काँग्रेसचा कौल मानून निवडणुकीतून माघार घेतली.

मग गांधी मागेच राहिले असते?

नाही. चंपारण, खेडा, रौलेट सत्याग्रह हे टिळकांच्या हयातीतच झालं होतं. खेड्यापाड्यातला माणूस गांधींकडे ओढला जात होता. फार तर दोघांना एका मांडवाखाली काही वर्षं काढावी लागली असती, आणि फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरानंतर चळवळ एकाएकी थांबली तेव्हा जी पोकळी झाली, ती इतकी रिकामी राहिली नसती.

तुम्ही ‘तोड निघाली असती’ म्हणता. हे कल्पनेतलंच ना?

ही तोड निघाली, सर्वांसमक्ष निघाली, आणि आपल्या गावात तिच्यावर शिक्कामोर्तब झालं. टिळक गेल्यावर चार वर्षांनी.

डिसेंबर १९२४ चं बेळगाव अधिवेशन म्हटलं की आपण एवढंच सांगतो की गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. खरं आहे. पण त्या अधिवेशनात झालं काय? असहकार स्थगित झाला. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंच्या स्वराज्य पक्षानं काँग्रेसच्या वतीनं कौन्सिलात काम करावं, हा गांधींशी झालेला करार मंजूर झाला. बदल्यात सभासदत्वासाठी महिन्याला दोन हजार वार सुताची अट आली, ती पुढच्या वर्षी सैल करावी लागली. आत आणि बाहेर, दोन्हीकडे काम. टिळक १९२० मध्ये जे सांगत होते त्याच्या अगदी जवळची ही वाट होती.

त्या अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीजवळ मी मुलांना घेऊन जातो तेव्हा हेच सांगतो. १९१६ मध्ये टिळकांनी याच गावात लीग काढली आणि गांधी पाहुणे म्हणून आले. १९२४ मध्ये गांधी याच गावात अध्यक्ष म्हणून बसले आणि टिळकांची वाट त्यांना बरीचशी मान्य करावी लागली. स्वागताध्यक्ष होते हुदलीचे गंगाधरराव देशपांडे, आधी टिळकांचे कट्टर अनुयायी, मग गांधींचे. टिळक असते तर हा करार १९२० मध्येच झाला असता, ही माझी कल्पना. पण असा करार होऊ शकत होता हे कल्पनेतलं नाही.

फाळणी टळली असती का?

इथे मी आवाज खाली आणतो. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातला डिसेंबर १९१६ चा लखनौ करार टिळक आणि जीना या दोघांच्या पुढाकाराचं फळ होतं. मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ देण्याबद्दल टिळकांवर हिंदूंकडून टीका झाली, ती त्यांनी सोसली. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात जामिनासाठी जीनाच उभे राहिले होते. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला जीनांना ओरडून खाली बसवण्यात आलं आणि ते काँग्रेसबाहेर पडले. व्यासपीठावर टिळक असते तर त्या सभेनं जीनांचं निदान ऐकून घेतलं असतं, इतकं मी म्हणेन. तिथून १९४७ पर्यंत सत्तावीस वर्षांचं अंतर आहे, आणि लखनौ करारातल्या स्वतंत्र मतदारसंघांतच फाळणीचं बीज होतं असं म्हणणारेही आहेत.

स्वातंत्र्य लवकर मिळालं असतं का?

मला वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धानं इंग्लंडची तिजोरी रिकामी केली, बेचाळीस झालं, आझाद हिंद सेनेचे खटले आणि सेहेचाळीसचा नाविकांचा उठाव झाला. यातलं काहीच १९३० च्या आतलं नाही.

टिळक राहिले असते तर बहुजन समाजाचं काय झालं असतं?

हा प्रश्न पहिल्यांदा निपाणीत एका तरुणानं विचारला, आणि सभेत कुजबुज झाली. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

माझं आजोळ अथणीचं. तिथे नोव्हेंबर १९१७ मध्ये टिळकांनी भाषण केलं. भारतमंत्री माँटेग्यूसाहेब हिंदुस्थानात आले होते आणि ब्राह्मणेतर समाज कायदेमंडळात स्वतंत्र जागा मागत होते. तेल्या-तांबोळ्यांना, कुणब्यांना कायदेमंडळात जाऊन काय करायचं आहे, अशा अर्थाचे शब्द टिळकांनी तिथे काढले. ज्यांना ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’ म्हणत त्यांचेच हे शब्द. आजोबांच्या पिढीतले लोक ते विसरले नव्हते. मार्च १९१८ मध्ये मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत, देव अस्पृश्यता मानत असेल तर त्याला मी देव मानणार नाही, असंही टिळकच म्हणाले, आणि अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही मात्र त्यांनी केली नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्याच आहेत. एक सांगून दुसरी झाकली तर तो इतिहास नव्हे.

तोवर काळ पुढे गेला होता. जानेवारी १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांचं ‘मूकनायक’ निघालं. मार्चमध्ये माणगावला शाहू महाराजांनी आंबेडकरांना भर परिषदेत पुढारी म्हणून गौरवलं. एप्रिल १९२५ मध्ये आंबेडकर निपाणीला परिषदेसाठी आले. ही लाट टिळकांच्या असण्यानं थांबली नसती. उलट काँग्रेस आणि ब्राह्मणेतर यांच्यातली दरी आणखी काही वर्षं रुंदच राहिली असती, असं माझं मत आहे. टिळकांवर माझी भक्ती आहे, तरी हे लिहितो.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. त्यांचा मुलगा श्रीधरपंत आंबेडकरांच्या बाजूनं उभा राहिला, टिळकांच्या पुण्यातल्या गायकवाड वाड्यात आंबेडकरांच्या समता संघाची शाखा काढली, आणि मे १९२८ मध्ये त्यानं जीव दिला. वडील जिवंत असते तर त्या वाड्यात बाप-लेकांत काय बोलणं झालं असतं? माझ्या दोन अटींत हे बसत नाही, म्हणून उत्तर देत नाही. पण विचार येतो.

खरा प्रश्न हा, सर. टिळक असते तर बेळगाव महाराष्ट्रात असतं ना?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज बदलतो. माझाही बदलतो. दर १ नोव्हेंबरला इथल्या मराठी घरांत काय वाटतं ते मला कुणी सांगायला नको. मे १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, याचा मला अभिमान आहे. १९५६ हे टिळकांचं जन्मशताब्दीचं वर्ष होतं. जुलैत आपण त्यांची शंभरी साजरी केली आणि नोव्हेंबरात बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्यानंतर सीमावादावर महाजन आयोग झाला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे.

पण टिळकांच्या तोंडी आपलं उत्तर घालू नका. त्यांनी होमरूलच्या भाषणांत मराठी, तेलुगू आणि कानडी असे वेगवेगळे प्रांत करावेत असं सांगितलं होतं. १९२० च्या त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यातही भाषावार प्रांतरचना होती. हे तत्त्व त्यांनी सर्वांसाठी मांडलं, एकट्या मराठीसाठी नाही. आणि त्याचा नकाशा काढण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

कर्नाटकाच्या एकीकरणाचे आद्य पुरस्कर्ते आलूर वेंकटराव टिळकांनाच गुरुस्थानी मानत. ‘गीतारहस्य’ कानडीत आणलं ते त्यांनी. होमरूल लीगच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र होता तसा कर्नाटकही होता. आपल्या धारवाडच्या पाहुण्यांना विचारा, टिळक तुमचे की आमचे? ते हसून म्हणतील, आमचेही. आणि ते बरोबर असतील.

आता तारखा बघा. टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. त्याच डिसेंबरात नागपूर काँग्रेसनं पक्षाची नवी घटना मंजूर करून प्रांतिक समित्या भाषेनुसार पाडल्या. बेळगाव काँग्रेसच्या कर्नाटक प्रांतात गेलं. १९२४ चं अधिवेशन कर्नाटकाच्या यजमानपदाखाली झालं ते त्यामुळे. १९५६ चा कागद १९२० च्या कागदावर उमटलेला आहे, असं मी मानतो. ती घटना लिहिण्याचं काम गांधींकडे होतं. टिळकांना वेळ नव्हता म्हणून मसुदा करणाऱ्या समितीत त्यांच्या वतीनं केळकर होते. म्हणजे तत्त्वाला टिळकांची संमती होतीच, आणि ते जगले असते तरी भाषावार समित्या झाल्याच असत्या.

बेळगाव कुणीकडे, हे मात्र तत्त्वानं ठरत नाही. शहरात मराठी, भोवती काही गावं मराठी, काही कानडी. शहापूर तर तेव्हा सांगली संस्थानात. एकाच घरात सासू कानडी आणि सून मराठी. अशा जागी रेषा ओढताना दोन्हीकडच्यांनी ज्याचा शब्द मानला असता असा त्या काळी एकच माणूस होता. केळकर त्याचे, गंगाधरराव त्याचे, आलूर वेंकटरावही त्याचेच. तो मराठीच्या बाजूनं निकाल देता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्यानं दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवलं असतं, हे सांगू शकतो.

गणपतीत आमच्या मंडळाला ‘टिळक असते तर’ असा देखावा करायचा आहे. काय दाखवावं?

हातात नकाशा घेतलेले टिळक दाखवू नका, ते आपले शब्द होतील. १ मे १९१६ ची सभा दाखवा : पगडी आणि उपरणं, बोट उंचावलेलं, समोर मराठी आणि कानडी माणसं एकाच सतरंजीवर, आणि कोपऱ्यात भाषण टिपून घेणारा सरकारी लघुलेखक. शेजारी पाटीवर तीन आकडे पुरेत : १९१६, १९२०, १९२४. पाटी मराठीत आणि कानडीत, दोन्हीत लिहा.

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत हाच विषय आहे. सुरुवात कशी करू?

सरदारगृहातल्या त्या रात्रीपासून कर, बाळ. आणि ‘टिळक असते तर आज…’ असं वाक्य एकदाही येऊ देऊ नकोस. ‘टिळक असते तर त्या सप्टेंबरात…’ असं म्हण.

एकच क्षण बदलता आला असता तर तुम्ही कुठला बदलला असता?

नागपूर, डिसेंबर १९२०. घटनेचा मसुदा पुढे आहे, प्रांतांची यादी वाचली जाते आहे, ‘कर्नाटक’ या नावाखाली बेळगाव येतं आणि वाचणारा पुढच्या नावाकडे वळतो. तिथे एका म्हाताऱ्यानं चष्मा सारखा करत त्याला थांबवावं, केळकरांना आणि गंगाधररावांना जवळ बोलवावं, आणि त्या गावात कोण कोण राहतं ते आधी मला सांगा, असं म्हणावं.